डावीकडचं धुकं

हांगचौ
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

एवढं लांबलचक ईमेल बघून तू आधी चष्मा शोधशील आणि मग मला शिव्या देशील. पण इथे व्हॉट्सॲप चालत नाही. आडवाटेने फोन लावला तर तू "जेवलीस का, थंडी किती हाय" याच्या पुढे मला बोलूच देत नाहीस. तेव्हा आता पत्रच. शाळेत तू माझे पत्रलेखनाचे गुण कापायचीस, निदान आता तरी मायना सोडून मजकूर बघ.

नववर्षाची सुट्टी अजून चालू आहे. वसतिगृहात मी आणि खालची रखवालदारीण, बाकी शुकशुकाट. म्हटलं, काय काम करते ते एकदा घरी नीट सांगावं. आप्पा सगळ्यांना "पोरगी डोस्क्याची डाक्टर होणार" असं सांगत सुटलेत, ते तसं नाही.

माणूस चित्र बघत असताना मेंदूच्या कुठल्या भागात रक्त जास्त धावतं, ते आमच्या यंत्रात दिसतं. डोळे कुठे थांबतात तेही दिसतं. आम्ही जुनी चिनी शाईची चित्रं दाखवतो. डोंगर, पाणी, एखादी झोपडी, आणि बाकी अर्धा कागद कोरा. चिनी मुलं त्या कोऱ्या जागेत रेंगाळतात, त्यांना तिथे धुकं आणि पाणी दिसतं. युरोपातली मुलं आणि मी, आम्ही आधी माणूस शोधतो, मग होडी, मग संपलं. चित्र तेच, पण लहानपणापासून काय बघत आलो त्यावर मेंदू बघायला शिकलेला असतो, असं आमच्या शेन मॅडमचं म्हणणं आहे.

मी त्यांना सांगितलं की माझे वडील विणकर आहेत, सकाळपासून त्यांच्या डोळ्यांपुढे सूत सोडून दुसरं काही नसतं. त्या लगेच म्हणाल्या, मग ते काय बघतात ते विचार की! विणकरांचा एक वेगळा गटच करता येईल. माझं पुढचं सगळं काम त्यावर उभं राहू शकेल, आत्या.

दिवाळीत मी टॅबलेट ठेवून आले होते, त्यावर चित्रं पाठवते आहे. आप्पांना आणि गल्लीतल्या विणकरांना दाखव, त्यांची परवानगी घेऊन. कोण काय बोललं ते जसंच्या तसं लिही, शुद्धलेखन सुधारू नकोस.

तुझी,
आरोही

*

वडगाव, बेळगाव
९ फेब्रुवारी २०२५

चि. आरोही,

मजकूर बरा आहे, पण "आडवाटेने फोन" म्हणजे काय ते मला कळू दे. तिथल्या पोलिसांनी धरलं तर सोडवायला हिंडलग्याच्या तुरुंगासारखं जवळ नाही ते, की डबा घेऊन गेले आणि भेटून आले.

चित्रं दाखवली. शेजारची नागुबाई म्हणाली, "पाऊस येनार वाटतंय गं, ह्यांनी वाळवान काढलं न्हाई अजून." मग तो कोपऱ्यातला लाल शिक्का बघून तिने विचारलं, तहसीलदाराचा का? गुंडूने त्याचा यंत्रमाग बंद करून येऊन बघितलं आणि म्हणाला, "चितारी निम्मं काम टाकून पळालाय. ह्येला मजुरी दिऊ नका." पण होडी, डोंगर, पुलावरचा म्हातारा, सगळं त्याने बरोबर ओळखलं.

आता तुझे आप्पा. ते पुलाचं चित्र मी त्यांच्यासमोर धरलं. उजवीकडचं झाड, झाडाखालची झोपडी, पूल, काठी टेकत चाललेला म्हातारा, त्याच्या पाठीवरचं गाठोडंसुद्धा सांगितलं. मी विचारलं, "आणि अण्णा, पलीकडं?" तर म्हणाले, "पलीकडं काय न्हाय. मोकळं हाय." अगं, डावीकडे भली मोठी होडी आहे, तिच्यात दोन माणसं आहेत, मागे डोंगर आहे. मी परत विचारलं तर चिडले. "हाय ते सांगिटलं, न्हाय ते कुठनं आनू?"

मला वाटतं हे त्यांच्या मागामुळे असावं. तुला माहीत आहे, आपल्या सोप्यात खिडकी मागाच्या उजव्या अंगाला आहे. आजोबा म्हणायचे, उजव्या काठावर नजर आणि डाव्या काठावर हात. उजेड जिकडे तिकडे डोळा, दुसरी बाजू हाताला कळते. जन्मभर असं बसल्यावर माणूस दुसरं काय बघणार? बघ तुझ्या मॅडमना पटतं का.

बाकी घरी ठीक. संक्रांत झाल्यावर एकदा त्यांना मागावरून उठताना चक्कर आली होती. मी साखरपाणी दिलं, थोडं पडले आणि उठून परत बसले. तेव्हापासून स्वभाव मात्र तिरसट झालाय. रोज जेवताना भांडण. "चटनी का वाडली न्हाईस?" म्हणून ताटावर बसून राहतात. चटणी समोर असते! ताटात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी वाढायची हे काय मी त्यांच्याकडून शिकायचं? काल मी त्यांचं बोट धरून चटणीत बुडवलं. मग जेवले.

अंगावर गरम कपडे घाल. तू ते घालत नाहीस हे मला इथून दिसतं.

सुवर्णाआत्या

*

हांगचौ
१५ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र मी भाषांतर करून शेन मॅडमना वाचून दाखवलं आणि त्या खुर्चीवरून उठल्या. "मोकळं हाय" हे आप्पांचे शब्द त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलेत, देवनागरीत, मी सांगितलं तसे. कारण इथले जुने जाणकार कोऱ्या जागेबद्दल हेच म्हणतात, की ती रिकामी नाही, मोकळी आहे.

आणि पुढचं ऐक. जुनी चिनी चित्रं गुंडाळीची असतात. ती उजवीकडून उलगडत डावीकडे जायची, म्हणजे बघणारा उजवीकडून सुरुवात करतो. आमच्या पाहणीतली वयस्क चिनी माणसं अजूनही उजव्या अंगाला जास्त थांबतात. आणि वडगावचा एक माणूस, ज्याने आयुष्यात चिनी चित्र पाहिलं नाही, तोही तिथेच थांबतो! खिडकीचं तू लिहिलंस ना, ते मॅडमना फारच आवडलं. आजोबांचं वाक्य आमच्या निबंधात सुरुवातीला घालायचं असं त्या म्हणाल्या. तुझं नावही घालू.

आता एक काम. आप्पांना ते पुलाचं चित्र कागदावर काढायला सांग. चांगलं यायची गरज नाही, त्यांना दिसतं तसं. गुंडूमामालाही सांग. आणि आत्या, एक कर. "डावीकडे बघा" असं मुळीच सुचवू नकोस. बोट दाखवू नकोस. तू सुचवलंस तर निरीक्षण बिघडतं, मग ते त्यांचं राहत नाही.

चटणीचं वाचून हसू आवरेना. आप्पांना म्हणावं, आत्याशी भांडू नका, चटणी काय, पोळीही मिळायची नाही.

आरोही

*

वडगाव
२७ फेब्रुवारी २०२५

चि. आरोही,

दोन्ही कागदांचे फोटो जोडले आहेत. गुंडूने सगळं काढलंय, होडीत स्वतःलाही बसवलंय. तुझ्या आप्पांचा कागद बघ. झाड असं काढलंय की पानंन् पान मोजून घ्यावं. काय हात आहे गं! पण सगळं कागदाच्या उजव्या कडेला दाटलंय. पूलही मध्यावर तोडलाय, म्हातारा कुठून आला हे देवालाच ठाऊक. बाकी कागद कोरा. गुंडू म्हणाला, "भरमाण्णा, होडी इसरलासा की." मी त्याला डोळे वटारून गप्प केलं, तू सांगितलंस म्हणून.

आता मला जरा वेगळं लिहायचं आहे. नागेंद्र व्यापारी आला होता. आप्पांनी विणलेली साडी त्याने परत आणली. उजवा काठ नेहमीसारखा देखणा, आणि डाव्या काठात धागे तुटलेले, तसेच पुढे विणत गेलेत. आप्पांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. नागेंद्र बिचारा हळू बोलला, "भरमाण्णा, डोळं एकदा दावून घ्या." आप्पांनी साडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "कुठं हाय दोष? दाव की." त्याने बोट ठेवून दाखवला. तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की मी आत निघून गेले.

गुंडू यंत्रमागावर वाढला, आपला माग खड्ड्यातला, खड्ड्यात पाय सोडून बसायचा, म्हणून दोघांचं बघणं वेगळं असेल. पण डाव्या काठावर हात असतो म्हणतात ना, मग हाताला तरी कळायला हवं होतं.

शिवाय दाराच्या चौकटीला आदळतात. डावा खांदा काळानिळा झालाय. विचारलं तर म्हणतात, काय लागलं न्हाई.

सोमवारी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते आहे. गुंडू स्कूटरवरून सोडतो म्हणाला. आधी नाही म्हणत होते, पण साडी परत आल्यापासून ऐकतात. एक सांगायचं राहिलं, आता चटणी मी उजवीकडेच वाढते. भांडण मिटलं. आईने बघितलं असतं तर मला उलथन्याने मारलं असतं, पण घरात शांतता आहे.

तू शिकलेली आहेस. तुझं काय म्हणणं ते लिही.

सुवर्णाआत्या

*

हांगचौ
१ मार्च २०२५

आत्या,

आप्पांचं चित्र बघून मी रडले. खोटं नाही सांगत. मी ते मोठं छापून टेबलासमोर लावलंय. जो येतो तो उभा राहतो. तेरा तारखेला आमच्या विभागाची मोठी बैठक आहे, इस्पितळाकडचे लोकही येतात, आणि मॅडम म्हणाल्या की विणकरांचा भाग तू स्वतः मांड. माझ्यासारख्या नव्या मुलीला ही संधी मिळत नाही.

डोळ्यांबद्दल काळजी करू नकोस. डोळे अधू असते तर पानंन् पान कसं काढलं असतं? नजर उत्तम आहे. साडीचं म्हणशील तर वय झालंय, खिडकीकडचा उजेडही पूर्वीसारखा पुरत नसेल. गुंडूमामाचं वेगळं येणं हे उलट चांगलंच आहे, त्यावरून खड्ड्याच्या मागाचा फरक दाखवता येईल.

डॉक्टरकडे जरूर जा. फक्त एक विनंती, नवा चष्मा घ्यायच्या आधी राहिलेली चित्रं दाखवून घे. मधेच चष्मा बदलला तर आधीचं आणि नंतरचं जुळणार नाही. आठवडाभराने काही बिघडत नाही.

खालचं आप्पांना वाचून दाखव:

आप्पा, इथे चीनमध्ये मोठमोठे लोक तुमचं चित्र बघतात. ते म्हणतात, हा माणूस जुन्या पंडितांसारखं बघतो. मोकळी जागा मोकळी ठेवायला धाडस लागतं, आणि ते तुमच्यात आहे. मला तुमचा फार अभिमान वाटतो.

आरोही

*

वडगाव
९ मार्च २०२५, रविवार

चि. आरोही,

तुझं वाचून दाखवलं. तुझे आप्पा उठले, टोपी घातली आणि गल्लीत गेले. पार देवळापर्यंत सगळ्यांना सांगून आले. मी डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणतात, "चीनचं लोक माझी नजर शिकायल्यात आनि तू मला डाक्टर दावतीस व्हय गं?" बायाबापड्या येऊन चित्र बघून गेल्या. साडी परत आल्यापासून माणूस मान खाली घालून बसला होता, तो ताठ झाला. मला बरं वाटलं. म्हणून मीही हट्ट धरला नाही, सोमवार तसाच गेला.

पण आता ऐक. परवा दाढी करून बाहेर आले आणि उजवा गाल चकचकीत, डाव्यावर तशीच खुंटं. मी आणि नागुबाई पोट धरून हसलो. तेही हसले, का हसतोय ते न कळता. आणि मग माझं हसू एकदम गेलं. ते आरशासमोर उभे होते गं. आरसा भिंतभर आहे.

काल सदऱ्यात उजवा हात घातला आणि डावी बाही लोंबकळत ठेवून चहाला बसले.

अजून एक आहे, ते मी तुला मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण तू सुचवू नको म्हणाली होतीस. मागच्या आठवड्यात पुलाचं चित्र बघता बघता टॅबलेट हातात उलटा झाला. तो मेला आपोआप चित्र सरळ करतो, पण या वेळी केलं नाही, चित्र डोक्यावर उभं राहिलं. आणि आप्पा म्हणाले, "ह्ये नवीन दावलीस. होडी हाय बघ. दोन मानसं हाइत, आनि डोंगार." मी म्हटलं, "आनि पूल?" म्हणाले, "ह्यात पूल कुठं हाय?"

आरोही, हीसुद्धा सवय म्हणायची का? खिडकीचं मी लिहिलं होतं, मान्य आहे. पण विणकर झाला तरी दोन्ही गालांची दाढी करतो. आपले आजोबा त्याच मागावर त्याच खिडकीजवळ बसले, त्यांनी कधी चटणी मागितली नाही.

मला भीती वाटते आहे. तू बैठकीच्या गडबडीत असशील, तरी दोन ओळी लिही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ की आणखी कुणाकडे, एवढंच सांग.

सुवर्णाआत्या

*

हांगचौ
१३ मार्च, गुरुवार

आत्या, हे मिळेल त्या क्षणी आप्पांना मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. डोळ्यांच्या नाही. मेंदूच्या डॉक्टरकडे. आजच. गुंडूमामाला सांगून रिक्षा बोलव, स्कूटरवर बसवू नकोस.

तुझं रविवारचं पत्र मी आत्ता उघडलं. बैठक संपल्यावर वाचू म्हणून ठेवलं होतं.

मी आप्पांचं चित्र पडद्यावर लावलं आणि बोलायला लागले. इस्पितळातून आलेल्या एक वयस्क डॉक्टरीण पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाल्या, हा रुग्ण कुठे दाखल आहे? मी म्हटलं, हे रुग्ण नाहीत, विणकर आहेत, माझे वडील आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात विचारलं, ते ताटातलं अर्धंच जेवतात का?

आप्पांच्या मेंदूत उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकून गेलेली असणार. बहुतेक ती संक्रांतीनंतरची चक्कर. त्या भागाला इजा झाली की डोळे चांगले असूनही माणसाला डावी बाजू जगात आहे हेच कळत नाही. आणि कळत नाही हेही त्याला स्वतःला कळत नाही, म्हणून तो तक्रारही करत नाही. दुसरी गुठळी कधीही येऊ शकते. ती थांबवायला गोळ्या असतात. मी हे सगळं शिकले आहे आत्या, पुस्तकात अशीच अर्धी चित्रं होती.

फोन लावते आहे, लागत नाही. लागतो तर तू उचलत नाहीस. नागुबाईंचा नंबर माझ्याकडे नाही. फोन उचल गं.

*

हांगचौ
१४ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

पोचले. घरून इतक्या लवकर इकडे परत येण्याचं कारण व्हिसा आणि शिष्यवृत्ती असं मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही. खरं म्हणजे मला दवाखान्यातल्या त्या खोलीत बसवत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी आप्पांच्या डाव्या बाजूला बसले होते. मला माहीत असून. रिकामी खुर्ची तिथे होती आणि त्यांचा तो हात तसाच पडला होता, म्हणून हातात धरला. बराच वेळ मी त्यांच्याशी बोलत होते आणि ते छताकडे बघत तुला विचारत होते, "आरोही कवा येनार गं? चीनहून आजून निगाली न्हाई?" तू माझी खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलीस. मग ते माझ्याकडे बघून रडले.

त्यांनी स्वतःचा डावा हात उजव्या हाताने ढकलला आणि म्हणाले, "ह्यो कुनाचा हात माज्या हातरुनात ठेवलाय? घिऊन जा म्हनावं." नर्स हसली. मी त्यांना समजावत राहिले की आप्पा, तुमचाच आहे. त्यांना ते खोटं वाटलं. शेवटी म्हणाले, "माजा असता तर मागावर चालला असता की."

इथे शेन मॅडमनी आप्पांची सगळी माहिती पाहणीतून काढून टाकली. नियमाप्रमाणे तेच बरोबर आहे. गुंडूमामा आणि बाकीचे विणकर तेवढे राहिले, आणि त्यांचं बघणं इतर कुणापेक्षा वेगळं निघालं नाही. फळ्यावरचे ते दोन शब्द मीच पुसले. मॅडम म्हणाल्या, संस्कृतीने मेंदू घडतो हे आपण शोधत होतो, म्हणून आपल्याला तेच दिसलं. त्या मला धीर द्यायला म्हणाल्या असतील. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

मी हे शिक्षण सोडून घरी यावं असं वाटतं. आप्पांचं सगळं तुझ्या एकटीवर पडलंय.

आणि आत्या, मी तिथे होते तेवढे दिवस तू मला चहा दिलास, जेवायला वाढलंस, माझे केसही विंचरलेस, पण एका शब्दाने बोलली नाहीस. मी तुझी नजर चुकवत होते हे खरं, पण वाटही बघत होते. तू मला शिव्या दे. लहानपणी द्यायचीस तशा. चष्म्यासाठी थांब म्हणून मीच लिहिलं होतं, ते तू एकदाही काढलं नाहीस. का बोलली नाहीस ते तरी सांग.

आरोही

*

वडगाव
२१ एप्रिल २०२५

चि. आरोही,

शिक्षण सोडून येते म्हणालीस, त्याला माझं उत्तर "नाही" असं आहे. तू आलीस तर तुझ्या मनाला बरं वाटेल, तुझ्या आप्पांना काही फरक पडणार नाही. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी दोघांना सांभाळणार नाही. तिथे राहा आणि नीट शिक. पुढच्या वेळी कुणी घरून पत्र लिहून घाबरल्याचं कळवलं तर ते चार दिवस पडू देऊ नकोस.

झालं, दिल्या शिव्या. तुला हव्या होत्या.

आप्पांचं बरं चाललंय असं लिहिणार नाही. गुंडू आणि मी मिळून कूस बदलतो. त्यांना उताणं ठेवलं की तोंड आपोआप उजवीकडे वळतं आणि तिकडे भिंत आहे, म्हणून खाट फिरवून घेतली. माग मोडला. गुंडूने दोन माणसं आणून लाकडं सोडवली, खड्डा बुजवला. ठोकाठोकी चालू होती तेव्हा त्यांनी विचारलं, "कुनाचा माग काढायल्यात?" मी म्हटलं, शेजारचा. "वाईट झालं," म्हणाले.

आता तू विचारलंस त्याचं. मी का बोलले नाही.

तेरा तारखेला तुझा फोन वाजत होता तेव्हा मी दवाखान्यातच होते. होळीचा दिवस, मी पोळ्यांचं पुरण शिजवत होते आणि मागाचा आवाज थांबला. जाऊन बघते तर ते खड्ड्यात कलंडलेले. तोंड वाकडं, शुद्ध अर्धवट. तुझं पत्र मी दुसऱ्या दिवशी वाचलं. तोवर ते सगळं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. काळजाचे ठोके अनियमित पडत होते, त्यातून गुठळ्या होत होत्या, पहिली छोटी आली तेव्हाच गोळ्या चालू झाल्या असत्या तर ही दुसरी बहुतेक टळली असती. "बहुतेक" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला, माझ्यासाठीच वापरला असेल.

डॉक्टर तरुण आहेत, धारवाडकडचे. कन्नडमध्ये बोलत होते. फार सभ्य मुलगा. आप्पांच्या मेंदूच्या फोटोतल्या नव्या-जुन्या डागांवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, ही पहिली इजा दोन महिन्यांपूर्वीची दिसते, इतके दिवस यांना डावीकडचं काही कळत नसणार, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?

गुंडू बाजूला उभा होता. तो सांगायला लागला, "सायेब, आमी विनकर मानसं, आमाला काय कळतंय..." मी त्याला थांबवलं. मी माझा जन्म फळ्यासमोर घालवला, मला ते म्हणायची सोय नव्हती. आणि खिडकीचं पहिल्यांदा मीच लिहिलं होतं, तू नाही. आमच्या घरातलं एक वाक्य मी तुला पाठवलं, तू त्याच्यावर माडी बांधलीस, मी त्या माडीत राहायला गेले. तुला शिव्या द्यायच्या तर त्याच तोंडाने स्वतःलाही द्यायला हव्या होत्या. म्हणून तू होतीस तेवढे दिवस तोंड मिटून राहिले.

मी डॉक्टरांना म्हटलं, लक्षात आलं होतं.

त्यांना वाटलं, मला कन्नड नीट येत नाही. त्यांनी परत, सावकाश विचारलं. लक्षात आलं होतं? मग काय केलंत?

मी सांगितलं, कौतुक केलं.

सुवर्णाआत्या